कंपोस्ट खत, घरगुती
स्वयंपाकघरातील ओला कचरा व बागेतील पालापाचोळा हवेच्या सान्निध्यात सूक्ष्मजीवांकरवी कुजवून घरीच तयार केलेले सेंद्रिय खत.

अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी मांडलेली ‘इंदूर पद्धत’ १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गच्चीवरच्या कुंडीतही थर रचून हवेच्या सान्निध्यात कुजवण्याचे तत्त्व तेच.

भोके पाडलेल्या कुंडीत तळाला नारळाच्या शेंड्या, वर भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि प्रत्येक थरावर सुका पाला घालतात. कर्ब–नत्र प्रमाण (पहा : नत्र चक्र) सुमारे ३०:१ असावे. पाला कमी पडला, की कुंडी ओलीगच्च होऊन दुर्गंधी सुटते. मूठभर मिश्रण पिळल्यावर जेमतेम थेंब-दोन थेंब पाणी निघावे. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत मिळते (पहा : गांडूळखत).

कचराभूमीवर हाच कचरा हवेअभावी कुजून मिथेन वायू सोडतो. घरच्या कुंडीत तो बराचसा टळतो.