बाटली नंबर 53-एन: परळच्या लॅबवर आलेला आळ

माझी एक मैत्रीण सरकारी हॉस्पिटलात रेसिडेंट डॉक्टर आहे. परवा ती वैतागून म्हणाली, "पेशंट बघायला दहा मिनिटं आणि कागद भरायला अर्धा तास!" तेव्हा मला परळची एक जुनी गोष्ट आठवली.

केईएमच्या आचार्य दोंदे मार्गावरच हाफकिन संस्था आहे. पोलिओची लस म्हटलं की आपल्याला तेच नाव आठवतं. पण हे हाफकिन कोण?

वॉल्डेमार हाफकिन. ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने त्यांना इथे बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई टोचली ती स्वतःला. 1899 मध्ये त्यांची लॅब परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तिथून लस देशभर जाऊ लागली.

पण एक अडचण होती. हाफकिन प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टरकीची पदवी नाही. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या गोऱ्या साहेबांना हा माणूस बाहेरचाच वाटायचा.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मलकोवाल गाव. त्या दिवशी 107 जणांना लस टोचली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. या 19 जणांची लस एकाच बाटलीतली होती. नंबर 53-एन, परळची.

चौकशी समिती बसली. लस जास्त वेगाने बनावी म्हणून हाफकिन यांनी त्यात कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं होतं. ते उष्णता देऊन जंतू मारायचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हीच पद्धत चालायची, पण इथे ठरलेली रीत मोडली, हाच ठपका. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असं समितीने म्हटलं. हाफकिन पदावरून गेले. अहवाल छापून यायला 1906 चा डिसेंबर उजाडला. म्हणजे चार वर्षं!

आणि खरी गंमत पुढेच आहे. कागद बाहेर आले तेव्हा त्यातच उत्तर सापडलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो नीट निर्जंतुक न करता नुसता औषधी पाण्यात बुडवला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात! मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जुलै 1907 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी सरकारने आरोप मागे घेतला.

नोकरी परत मिळाली, पण कलकत्त्यात. परळ काही मिळालं नाही. परळच्या लॅबला त्यांचं नाव लागलं ते 1925 मध्ये.

मैत्रिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कागद लिहायलाच हवेत." हो ना. चिमटा पडल्याची नोंद होती म्हणून तर माणूस सुटला. पण ती नोंद चार वर्षं फायलीत पडून राहिली. राग यायला हवा तो त्याचा.

बरं, पुढच्या भागात भेटू. आणि परळला गेलात, तर त्या गेटपाशी क्षणभर थांबा.