घरच्या संगणकावर कोणती सॉफ्टवेअर असावीत?

मंडळाच्या सभासदांकडून हा प्रश्न वारंवार येतो, विशेषतः नवा संगणक घेतला की. दुकानदार सोबत पाच-सहा सॉफ्टवेअर 'टाकून' देतो. त्यांतली निम्मी लागत नाहीत आणि काहींची मुदत तीन महिन्यांत संपते. खाली दिलेली सर्व सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत. निवडताना दोन गोष्टी पाहिल्या: त्यात मराठी नीट चालते का, आणि त्यात साठवलेली फाइल वीस वर्षांनी दुसऱ्या संगणकावर उघडेल का. वडोदऱ्यातल्या आपल्या घरांत आजोबांची पत्रे, नाट्यप्रयोगांचे फोटो, मंगळागौरीच्या गाण्यांच्या कॅसेट पडून आहेत, म्हणून दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

मराठी टायपिंग

यासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' या भागात जाऊन मराठी भाषा जोडावी. २०१९ पासूनच्या विंडोजमध्ये मराठीसाठी फोनेटिक कीबोर्डही मिळतो, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिले की देवनागरी उमटते. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते.

तरीही ज्यांना रोज लिहायचे आहे त्यांनी पंधरा-वीस दिवस देऊन इनस्क्रिप्ट शिकावे, असा माझा आग्रह आहे. ही भारतीय लिपींसाठीची प्रमाणित मांडणी आहे, आणि तिचा आपल्यासारख्यांना एक खास फायदा होतो. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीत 'क' आहे, तिथेच गुजरातीचा 'क' आहे. 'जे'वर 'र', 'एच'वर 'प', दोन्हीकडे तेच. एकदा मराठी हाताला बसली की सोसायटीची गुजराती नोटीससुद्धा त्याच बोटांनी लिहिता येते. बेळगावच्या नातेवाइकांना कन्नडसाठी आणि हैदराबादच्या मंडळींना तेलुगूसाठी हेच लागू आहे.

मराठीच्या दोन-तीन खुबी मात्र ध्यानात ठेवाव्यात. शिफ्ट धरून 'एन' दाबले की 'ळ' येतो. 'दुसऱ्या', 'पुऱ्या' यांतला अर्धा र आणण्यासाठी शिफ्टसह 'जे', मग हलन्ताची 'डी', मग 'य'. हे न केल्यास रफार चढतो आणि आचाऱ्यांना दिलेले पैसे आचार्यांच्या नावावर पडतात! 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे फार जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. फॉन्ट बदलला की तो जातो.

फॉन्टपैकी 'मुक्त' आणि 'नोटो सान्स देवनागरी' हे गूगल फॉन्ट्सवर मिळतात आणि निमंत्रणपत्रिकेपासून अहवालापर्यंत कुठेही चालतात. ज्यांना हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' खटकतात त्यांनी 'तिरो देवनागरी मराठी' वापरून पाहावा.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली

युनिकोड येण्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये मजकूर बसवला जाई. त्या फाइलीत खरे तर देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रे दाखवण्याची ती युक्ती होती. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, आणि फाइल बिघडली असे समजून माणसे ती पुसून टाकतात. अनेक घरांतल्या वंशावळी, मंडळांच्या जुन्या स्मरणिका अशाच गेल्या.

अशी फाइल पुसू नये. ज्या संगणकावर ती अजून नीट दिसते तिथे आधी तिची पीडीएफ करून घ्यावी. फॉन्ट पीडीएफमध्ये सामावला गेला की मजकूर कुठेही वाचता येतो. त्यानंतर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करावे. प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो, त्यामुळे फॉन्टचे नेमके नाव फाइलीसोबत लिहून ठेवावे. रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात. त्यातही आडनावे आणि सन आधी तपासावेत, बाकीचे नंतर सुधारले तरी चालते.

लेखन आणि हिशोब

लिबरेऑफिस पुरेसे आहे. पत्र, तक्ते, सादरीकरण सगळे त्यात होते आणि वर्डच्या फाइलीही उघडतात. मेनू मराठीत करता येतात. सुरुवातीला एक अडचण येते: अक्षरांचा आकार बदलला तरी देवनागरी बदलत नाही. लिबरेऑफिस देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट' मानते व तिचा फॉन्ट आणि आकार वेगळा ठेवते. टूल्समधील ऑप्शन्समध्ये भाषेच्या भागात कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी मराठी निवडली की प्रश्न सुटतो.

घरखर्चासाठी त्यातले कॅल्क वापरावे. मंडळाच्या किंवा सोसायटीच्या खजिनदारांना मी ग्नूकॅश सुचवीन. त्यात दुहेरी नोंद पद्धत आहे, म्हणजे नावे-जमा जुळल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. कॅल्कच्या तक्त्यात कुणीही कोणताही आकडा बदलू शकतो आणि बेरीज निमूटपणे नवी येते. सार्वजनिक पैशाच्या हिशोबाला ते बरे नाही.

स्कॅन, कॅसेट, चित्रफिती

कागद स्कॅन करण्यासाठी नॅप्स-टू हे छोटे सॉफ्टवेअर घ्यावे. छापील कागद ३०० डीपीआयवर, फोटो ६०० वर. त्यात अक्षरओळखीची सोय आहे. मराठी भाषा निवडली की पीडीएफमधला छापील मजकूर शोधता येतो. हस्ताक्षराबाबत मात्र फारशी अपेक्षा ठेवू नये. मोडीतले कागद असतील तर केवळ चांगले चित्र घेऊन ठेवावे, वाचायला जाणकार माणूसच लागेल.

कॅसेटसाठी ऑडॅसिटी. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या लाइन-इनमध्ये साधी वायर जोडायची आणि रेकॉर्ड करायचे. एक तासाची कॅसेट मूळ दर्जात, म्हणजे 'वेव्ह' फाइल म्हणून, सुमारे ६०० एमबी जागा घेते. एमपी-थ्री केली तर ६० एमबीच्या आसपास. मूळ प्रत 'वेव्ह'च ठेवावी, नातेवाइकांना एमपी-थ्री पाठवावी. बुरशी चढलेली कॅसेट आधी वाजवून पाहण्याचा मोह टाळावा आणि साफ करणाऱ्याला दाखवावी. आजीचा आवाज असलेली कॅसेट बहुधा एकच असते.

चित्रफिती पाहण्यासाठी व्हीएलसी. लग्नाच्या जुन्या सीडीही त्यात चालतात. इंटरनेटसाठी फायरफॉक्स किंवा जो आहे तो ब्राउझर.

सुरक्षितता

विंडोजसोबत येणारे डिफेंडर घरगुती वापराला पुरते, वेगळे अँटिव्हायरस विकत घेतलेच पाहिजे असे नाही. सॉफ्टवेअर नेहमी मूळ संकेतस्थळावरून उतरवावे. शोधल्यावर सर्वात वर दिसणारी जाहिरात बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाची असते.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी सॉफ्टवेअर दूरच्या माणसाच्या हाती आपला संगणक देतात. अमेरिकेतला मुलगा त्यांतून आपले काम करून देतो, त्यात वावगे काही नाही. पण 'बँकेतून बोलतोय, हे डाउनलोड करा' असे फोनवर सांगणारा बँकेचा नसतोच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याबद्दल बँकांना सावध केले होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

बॅकअप

बँकेत दिवसअखेरीची टेप दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची पद्धत होती. घरीही तसेच करावे. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि त्याच डिस्कची दुसरी प्रत दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा भावाकडे. विश्वामित्रीचे पाणी घरात शिरलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना कारण सांगायला नको. पेन ड्राइव्हवर विसंबू नये.

विंडोज १० असलेला जुना संगणक

विंडोज १० ची नियमित सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरेच धडधाकट संगणक बाद ठरतात. ते भंगारात देण्याआधी लिनक्स मिंट पाहावे. ४ जीबी मेमरीवर ते चालते, लिबरेऑफिस आणि फायरफॉक्स त्यात आधीपासून असतात, मराठी कीबोर्डही मिळतो. पेन ड्राइव्हवरून ते नुसते चालवून पाहता येते, संगणकावरच्या विंडोजला हात लागत नाही. छापयंत्र आणि स्कॅनर चालतात की नाही हे तेव्हाच तपासावे. टॅली वापरणाऱ्यांनी मात्र विंडोजच ठेवावे, आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन असणाऱ्यांनी आपल्या सनदी लेखापालांना विचारल्याशिवाय बदल करू नये.