खोलीचे क्षेत्रफळ : मोजावे कसे?

घराच्या नूतनीकरणात फरशी, रंग व गिलाव्याचा खर्च बहुधा क्षेत्रफळावरच ठरतो. त्यामुळे ठेकेदाराशी दर ठरविण्यापूर्वी घरमालकाने स्वतः माप घेऊन ठेवणे हिताचे असते.

करारनाम्यातील आकडा येथे कामाचा नाही. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार चटईक्षेत्रात सदनिकेच्या आतील भिंतींखालची जागा धरली जाते आणि स्वतंत्र बाल्कनी वगळली जाते. फरशीचे गणित नेमके उलटे असते. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, हेही ध्यानात ठेवावे.

मापे धातूच्या टेपने, जमिनीलगत, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत घ्यावीत. लांबी-रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजून मोठा आकडा धरावा. इंचांना १२ ने भागून फूट करावेत. १२ फूट ६ इंच म्हणजे १२.६ नव्हे, १२.५ फूट. अशी १२.५ × १०.२५ फुटांची खोली सुमारे १२८ चौरस फूट भरते. काटछाटीसाठी १० टक्के वाढविल्यास १४१ चौरस फूट, म्हणजे दोन बाय दोनच्या ३६ फरश्या लागतात. स्कर्टिंगचा हिशेब वेगळा करावा. इंग्रजी ‘एल’ आकाराच्या खोलीचे दोन आयत पाडून बेरीज करावी.

भिंतींसाठी परिमितीला उंचीने गुणावे. वरील खोलीची उंची १० फूट असल्यास ४५.५ × १० = ४५५ चौरस फूट होतात. त्यातून दार (७ × ३) व खिडकी (४ × ४) वजा जाता ४१८ उरतात.

पुण्याच्या पेठांतील वाड्यांत जागा ‘खणां’त मोजली जाई, खण म्हणजे दोन खांबांमधील गाळा. अशा जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात. समोरासमोरचे कोपरे जोडणारे दोन्ही कर्ण मोजावेत. ते असमान निघाल्यास काटछाट वाढते, हे गृहीत धरून फरशी अधिक घ्यावी.

गिलाव्याचा दर काही कारागीर ‘ब्रास’वर सांगतात. क्षेत्रफळात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळूच्या बाबतीत मात्र १०० घनफूट. दर कोणत्या एककाचा आणि दारे-खिडक्या वजा धरणार की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवावे. बिलावरचे वाद बहुधा येथेच टळतात.