बुद्धिबळांतील दोन कसोट्या

इ. स. १८१४ सालीं, म्हणजे पेशवाई बुडण्यापूर्वीं चार वर्षें, मुंबईंत बुद्धिबळावरील एक इंग्रजी पुस्तक छापून निघालें. मूळ ग्रंथ संस्कृत. भाषांतरकार त्रिवेंगडाचार्य शास्त्री. डावांतील अटीतटीच्या मांडण्या यूरोपीय पद्धतीला जुळवून त्यांत दिल्या होत्या. शिकणाऱ्याची प्रगति व्हावी व स्मरणशक्तीला व्यायाम घडावा, हा त्यांचा हेतु मुखपृष्ठावरच नमूद होता. खेळाडूचें सारें बळ चाली मोजण्यांत असतें, अशी आपली समजूत; मग शास्त्रीबोवांना स्मरणशक्ति कां आठवली?

दोन प्रसिद्ध डाव पाहूं. १८५८ सालीं पॅरिसच्या एका नाट्यगृहांत मॉर्फीनें सोळाव्या चालीला आपला वजीर देऊन शह दिला. घोड्यानें तो मारणें प्रतिपक्षाला भागच होतें; पुढच्याच चालीला हत्तीनें मात झाली. हिशेब अवघा दोन चालींचा, पोरालाही जमण्यासारखा. परंतु ‘वजीर जपावा’ हा धडा हाडींमासीं भिनलेला असल्यामुळें ही चाल मोजून पाहण्याचेंच नवशिक्याला सुचत नाहीं. अंतर्दृष्टि नसेल तेथें हिशेबाला आरंभच होत नाहीं.

आतां उलट बाजू. १८९२ सालीं हवाना येथें जगज्जेतेपदाच्या सामन्यांतील तेविसावा डाव चालला होता. चिगोरिनची बाजू वरचढ होती. तो जिंकता तर दोघांचेही नऊ नऊ विजय होते. राजापुढील प्याद्याला उंटाचा जोर होता. बत्तिसाव्या चालीला चिगोरिननें तोच उंट हलविला. स्टाइनिट्झच्या हत्तीनें प्यादें मारून शह दिला आणि दुसऱ्या चालीची मात अटळ झाली. सामना दहा विरुद्ध आठ असा संपला. एवढ्या प्रतिभावान् खेळाडूनें दोन चाली मोजल्या नाहींत!

डच मानसशास्त्रज्ञ द ग्रोट यानें १९४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, खऱ्या डावांतील मांडणी कांहीं क्षण पाहून उस्ताद ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो. मात्र चाली तो इतरांहून फारशा खोल मोजीत नाहीं. १९७३ मध्यें अमेरिकेंत चेस व सायमन यांनीं मोहरीं वाटेल तशीं विखरून ठेविलीं, तेव्हां उस्तादाचें हें श्रेष्ठत्व बहुतेक नाहींसें झालें. अंतर्दृष्टि ही मुरलेली स्मृतिच होय. शास्त्रीबोवांचा शब्द अचूक होता.

आज मुलुंड-बोरिवलीच्या घराघरांतून मुलें डाव अडला कीं तत्क्षणीं यंत्राला उत्तर विचारतात. उत्तर मिळतें, मुरत कांहींच नाहीं. पालकांनीं एक प्रयोग करावा. जुन्या डावांतील एखादी मांडणी मुलापुढें ठेवावी. पाहतांक्षणीं सुचलेली चाल त्याच्याकडून लिहून घ्यावी. मग पाव तास मोजून ठरविलेली दुसरी लिहवावी. आणि मगच उत्तर पाहावें. दोन्ही चाली जेथें जुळत नाहींत, तेथें त्याचा खरा धडा असतो. आमच्या वहींत असे धडे पुष्कळ आहेत, आणि पन्नाशी उलटल्यावरही त्यांत भर पडतेच आहे.