बुडालेलं जहाज आणि विकलेली खुर्ची

आजचा विषय चंडीगडचा. तिथे समुद्र नाही, तरी मी सुरुवात बुडालेल्या जहाजापासून करतो.

१८०४ साली 'मर्सिडीज' हे स्पेनचं युद्धजहाज पोर्तुगालजवळ इंग्रजांशी झालेल्या चकमकीत बुडालं. २००७ मध्ये ओडिसी या अमेरिकी कंपनीनं त्यातली सुमारे १७ टन नाणी वर काढली. कंपनी म्हणाली, आम्ही शोधली. स्पेन म्हणालं, जहाज आमच्या नौदलाचं, हक्क आम्ही कधी सोडलाच नाही. अमेरिकी न्यायालयांनी परक्या राष्ट्राच्या युद्धजहाजाला हात लावता येत नाही असं ठरवलं आणि २०१२ मध्ये नाणी स्पेनला परत गेली. दोनशे वर्षं पाण्याखाली राहूनही मालकी बुडाली नाही.

आपल्या मुंबईतही १४ एप्रिल १९४४ ला गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं. त्यातली सोन्याची एक वीट उडून एका पारशी गृहस्थांच्या घरी पडली. त्यांनी ती परत केली.

आता चंडीगड. ल कॉर्बुझिएचे चुलतभाऊ पिएर जनरे यांनी १९५० च्या दशकापासून इथल्या हायकोर्ट, सचिवालय, विद्यापीठासाठी सागवानी खुर्च्या-टेबलं घडवून घेतली. पुढे ती मोडली, गच्च्यांवर रचली गेली आणि सरकारी लिलावात भंगाराच्या भावानं विकली गेली. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी ती घेतली, दुरुस्त केली. परदेशी लिलावांत त्यांना लाखोंची बोली लागू लागली, तेव्हा आपण जागे झालो. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं या फर्निचरच्या विक्रीवर बंदी आणली.

पण जे आधीच रीतसर विकलं, त्याचं काय? १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. या खुर्च्या त्यात बसत नाहीत. व्यापाऱ्याच्या हातात लिलावाची पावती असेल, तर त्याला चोर कसं म्हणणार?

माझ्या मते फरक इथेच आहे. स्पेननं हक्क सोडला नव्हता. आपण पावती फाडून सोडला.

तुमच्या गावच्या शाळेत, कचेरीत जडसंग्रह नोंदवही असते. पुढचं निर्लेखन होण्याआधी त्या यादीतली जुनी कपाटं, घड्याळं, बाकं कुणा जाणकाराला एकदा दाखवा. सही झाल्यावर कायदा आपल्या बाजूनं उभा राहणं कठीण आहे.