ढाक्यातले पाच दिवस

विमान अपहरण म्हटलं की आपल्याकडे एकच गाव आठवतं, कंदहार. डिसेंबर १९९९. त्यावर पुस्तकं झाली, मालिका झाल्या, निवडणुका आल्या की कुणीतरी तो विषय उकरून काढतोच. तो निघाला की चारचौघांत बसलेल्या आमच्यासारख्यांकडे एखादी नजर वळते, तिचीही आता सवय झाली आहे. पण कंदहारच्या बावीस वर्षं आधी मुंबईहून उडालेलं एक विमान पळवलं गेलं आणि त्यातल्या प्रवाशांसाठी बांगलादेशाच्या हवाई दलप्रमुखाने दिवसरात्र बोलणी केली, ही गोष्ट आपल्याकडे सहसा कुणी काढत नाही.

मी ती पहिल्यांदा ऐकली लातूरच्या चाचांकडून. गंजगोलाईजवळ त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि रात्री दुकान वाढवल्यावर रेडिओवर बीबीसी उर्दू लावायची सवय. ‘ढाक्याचं विमान’ असं ते म्हणायचे आणि लगेच पुढे ‘बिचारे फौजी’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंच मला कित्येक वर्षं वाटत होतं.

२८ सप्टेंबर १९७७. जपान एअरलाइन्सचं ४७२ क्रमांकाचं विमान पॅरिसहून टोकियोला निघालं होतं आणि वाटेत मुंबईला थांबलं होतं. (मुंबईला हा आकडा आधीच ओळखीचा होता. १९७२ च्या सप्टेंबरात याच क्रमांकाचं जपानी विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पुढे घसरत गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही.) या खेपेला मुंबई सोडल्यावर थोड्याच वेळात पाच हत्यारबंद जपानी तरुण उठले आणि विमान त्यांच्या ताब्यात गेलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून दीडशेहून जास्त माणसं आत होती. विमान ढाक्याच्या तेजगाव विमानतळावर उतरलं.

हे तरुण ‘जपानी रेड आर्मी’चे होते, त्यांचा म्होरक्या ओसामू मारुओका. ही संघटना पॅलेस्टाईनच्या नावाने लढत असल्याचं सांगायची. पॅलेस्टाईनचं नाव घेणाऱ्यांबद्दल त्या काळात आपल्या घरांत एक हळवेपणा होता, तो मी नाकारत नाही. पण याच लोकांनी १९७२ मध्ये लोद विमानतळावर गोळीबार केला तेव्हा मेलेल्या २६ जणांत सर्वांत जास्त होते ते पोर्तो रिकोहून आलेले ख्रिस्ती यात्रेकरू. त्यांचं पॅलेस्टिनींशी काय वैर होतं? मुंबईहून बँकॉकला निघालेल्या प्रवाशांचं तरी काय होतं?

मागण्या दोन होत्या. जपानच्या तुरुंगांतले नऊ कैदी सोडा आणि साठ लाख डॉलर रोख द्या. जपान आधीच सुतकात होता. आदल्याच दिवशी त्यांच्या याच कंपनीचं दुसरं विमान मलेशियात क्वालालंपूरजवळ कोसळून ३४ माणसं गेली होती. पंतप्रधान ताकेओ फुकुदा यांनी मागण्या मान्य केल्या आणि कारण दिलं की एका माणसाच्या जिवाचं वजन सगळ्या पृथ्वीपेक्षा जास्त आहे. जगभर या वाक्याची कुणी वाहवा केली, कुणी टिंगल. गंमत अशी की ही कल्पना फुकुदांची नव्हती. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ च्या एका निकालात ती मांडली होती आणि त्याच निकालात फाशीची शिक्षा घटनेला धरून आहे असंही ठरवलं होतं. जिवाचं वजन पृथ्वीपेक्षा जास्त, आणि तरीही फाशी चालेल! जपानचे कायदामंत्री या सुटकेच्या निषेधार्थ राजीनामा देऊन बाहेर पडले. मागितलेल्या नऊ कैद्यांपैकी तिघांनी तर जायलाच नकार दिला. शेवटी सहा जण निघाले.

आता ढाक्याकडे येऊ, कारण खरी बोलणी तिथे चालली होती. जपान सरकार टोकियोत बसलेलं, विमान ढाक्यात आणि मधला दुवा एकच माणूस, एअर व्हाइस मार्शल ए. जी. महमूद. कंट्रोल टॉवरमध्ये बसून ते रेडिओवर अपहरणकर्त्यांशी बोलत होते. दोन्ही बाजूंची भाषा इंग्रजी, आणि ती दोघांचीही मातृभाषा नव्हती. एक शब्द चुकीचा कानावर पडला तर पलीकडे बंदूक होती. या संभाषणाच्या ध्वनिफिती शिल्लक आहेत. नईम मोहायमन या बांगलादेशी चित्रपटकाराने त्यांवर २०११ मध्ये ‘युनायटेड रेड आर्मी’ हा माहितीपट केला. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. टीव्हीवर आवडती मालिका लागायची वाट पाहत बसलेला, आणि पडद्यावर तासन्‌तास विमानतळच.

महमूद यांचं काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. कैदी त्यांचे नव्हते, पैसा त्यांचा नव्हता, प्रवाशांतही त्यांचे लोक जवळजवळ नव्हते. हातात होती फक्त धावपट्टी आणि वेळ. मागणी मान्य करायचा अधिकार टोकियोला, आणि मुदत संपत आली की धमकी मात्र ऐकायची ढाक्याने. आधी प्रवासी उतरवा, मग कैदी आणि पैसा, असा यजमानांचा आग्रह. आधी आमची माणसं विमानात येऊ द्या, असं पलीकडून. प्रवाशांत अमेरिकेच्या अध्यक्षांच्या ओळखीतला एक बँकर होता, पहिली गोळी त्याला घालू असं सांगितलं गेलं. १ ऑक्टोबरला जपानचे परिवहन खात्याचे उपमंत्री हाजिमे इशिई कैदी आणि नोटा घेऊन खास विमानाने ढाक्यात पोचले. आता दोन सरकारं एकाच विमानतळावर आली, आणि दोघांच्या घाईचं कारण वेगवेगळं होतं.

बांगलादेश तेव्हा सहा वर्षांचा देश होता. १९७४ चा दुष्काळ, १९७५ मध्ये मुजीब आणि त्यांच्या कुटुंबाची हत्या, त्याच वर्षी नोव्हेंबरात लागोपाठ दोन उठाव. लष्करी कायदा चालू, अध्यक्ष जनरल झियाउर रहमान. सैन्यात धुसफूस होतीच. ३० सप्टेंबरला बोग्रा इथे बंड झालं. आणि सरकारचे वरिष्ठ लोक, हवाई दलाचे अधिकारी, सगळे त्या जपानी विमानाभोवती अडकलेले. २ ऑक्टोबरच्या पहाटे ढाक्यात सैनिक आणि हवाई दलाचे जवान उठले. रेडिओ केंद्र काही वेळ त्यांच्या हातात गेलं. विमानतळावर हवाई दलाच्या अकरा अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. महमूद थोडक्यात वाचले. हे सगळं घडत असताना पळवलेलं विमान तिथेच उभं होतं.

बंड काही तासांत मोडलं. देवाणघेवाण झाली, ढाक्यात ११८ जण उतरले आणि विमान घाईने पुढे पाठवलं गेलं. कुवेत आणि दमास्कसला आणखी काही सुटले, उरलेले अल्जीरियात. ओलिसांपैकी एकही मेला नाही.

पंधरवड्यातच जर्मनीचं लुफ्तान्सा विमान पळवलं गेलं. जर्मनीने कैदी सोडले नाहीत, सोमालियात मोगादिशूच्या विमानतळावर कमांडो घातले आणि सगळे प्रवासी सोडवले. वैमानिकाला अपहरणकर्त्यांनी त्याआधीच मारलं होतं. तेव्हापासून मोगादिशू म्हणजे हिंमत आणि ढाका म्हणजे शरणागती, असा हिशेब मांडला जातो. ढाक्यात सोडलेल्यांपैकी काहींची नावं पुढे जकार्ता आणि नेपल्सच्या हल्ल्यांत आली, हेही खरं. तरीही फुकुदांना भेकड म्हणायला माझी जीभ वळत नाही. विमानात आपली लेक बसलेली असती तर आपण काय मागितलं असतं, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. माझी तक्रार वेगळी आहे. या हिशेबात मोजली जातात ती फक्त विमानातली माणसं.

चाचांचे ‘बिचारे फौजी’ इथे येतात. बंड मोडल्यावर लष्करी न्यायाधिकरणं बसली आणि झटपट शिक्षा सुरू झाल्या. पत्रकार अँथनी मस्कारेन्हस यांनी त्या दोन महिन्यांत फाशी गेलेल्यांचा आकडा १,१४३ दिला आहे. हे मस्कारेन्हस म्हणजे १९७१ च्या कत्तलीची बातमी जगापुढे आणणारे. मूळचे गोव्याचे, जन्म आपल्या बेळगावातला. त्यांचा आकडा काहींना फुगवलेला वाटतो, दुसरे शेकडो म्हणतात. विमानातल्या ओलिसांचा आकडा शेवटच्या माणसापर्यंत माहीत, आणि या आकड्यात शेकड्यांची तफावत!

लातूर-नांदेडच्या माणसाला हे लवकर कळतं. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, लातूर तेव्हा उस्मानाबादेत. लातुरातल्या दहा हजारांच्या आसपास मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार सापडले. काही मारले गेले, बाकीचे गाव सोडून पळाले. रझाकारांचे जुलूम त्याआधी झाले होते, ते कोण नाकारतो? पण हा अहवाल उघड व्हायला साठाहून अधिक वर्षं लागली. २७ की ४०, यातल्या तेरा हजारांच्या फरकात कुणाचे आजोबा आहेत हे आजही कुणाला सांगता येत नाही. चाचा दूरच्या ढाक्यातल्या अनोळखी जवानांसाठी का हळहळायचे, ते मला हे वाचल्यावर समजलं.

महमूद त्याच डिसेंबरात हवाई दलाच्या प्रमुखपदावरून गेले. मारुओका १९८७ मध्ये टोकियोत पकडला गेला, त्याच्यावर रीतसर खटला चालला, जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये तो तुरुंगात वारला. ढाक्यात फाशी गेलेल्या कित्येक जवानांच्या घरी मात्र शिक्षेची तारीखही कळवली गेली नाही आणि कबर कुठे आहे तेही नाही.