लाकडाचा बैल आणि कागदाची मारबत

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या मित्रांचे फोटो यायला लागतात. प्लायवूड कापून केलेली भुतं, फळ्या ठोकून केलेल्या शवपेट्या, सगळं अंगणात मांडलेलं. "आपल्याकडे असं काही नाही बुवा," असं कुणीतरी म्हणतंच. आहे की! फक्त त्यासाठी नागपूरला जावं लागतं.

बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे तान्हा पोळा असतो. लहान मुलं चाकांवरचा लाकडी बैल सजवून, स्वतःही नटूनथटून, तो दोरीने ओढत दारोदार जातात. घरोघरी त्यांना खाऊ नाहीतर पैसे मिळतात, त्याला म्हणायचं 'बोजारा'. ट्रिक ऑर ट्रीटच म्हणा ना, फक्त धमकी वगळून :-)

ही प्रथा दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केली असं सांगतात. काळ लक्षात घ्या. 1803 मध्ये आडगावची लढाई हरून देवगावच्या तहात कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड गेला होता. अशा पडत्या काळात राजाने मुलांना बैलाचं मोल कळावं म्हणून त्यांच्या हाती लाकडी बैल दिले! अमेरिकेत मुलांच्या हॅलोविनच्या खोड्या आवराव्यात म्हणून मिनेसोटातल्या अनोका गावाने मिरवणूक काढली ती 1920 साली.

आता माझं गाव कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. आमच्याकडे तान्हा पोळा नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आणि बैल नाही त्या घरात मातीच्या बैलांची पूजा. मातीचा बैल वर्षापुरता. पुढच्या वर्षी नवा. आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला अजूनही बैलगाड्या निघतात. बैल रोज डोळ्यांसमोर असला की त्याची टिकाऊ प्रत कोण कशाला करेल? शहरात मात्र गोठा गेला, बैल गेला, पण आजोबांचा लाकडी बैल माळ्यावर राहिला. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात.

आणि भुतांचं काय? तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबती निघतात. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. बांबू-कागदाचे हे अवाढव्य पुतळे, सोबत 'बडगे'. बडग्यांवर त्या त्या वर्षाची दुखणी, महागाई, भ्रष्टाचार वगैरे. काळी मारबत इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या बाकाबाई भोसल्यांची, असं लोक म्हणतात. गावातून वाजतगाजत फिरवायचं, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडायचं आणि जाळून टाकायचं.

तर सांगायचा मुद्दा असा, की इथे सामानावरूनच हेतू कळतो. जे पुढच्या पिढीला द्यायचं ते लाकडाचं, जे घालवायचं ते कागदाचं. अमेरिकन माणूस मात्र प्लायवूडचं भूत नोव्हेंबरात गॅरेजमध्ये जपून ठेवतो!

पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमधल्या मुलांनी खरा बैल जवळून पाहिलेला नसतो. त्यांच्यासाठी एक लाकडी बैल करायला फार काही लागत नाही. एक धड, चार पाय, खाली फळी, चार चाकं, दोरी. शिंगं रंगवायचं काम मुलांवर सोडा. दोन वीकेंड पुरे.